रोलरवरचा ट्रक आणि कागदावरची अश्वशक्ती

अमेरिकेत ट्रक म्हणून जे वाहन घरोघरी दिसते ते बहुतेकदा मागे उघडा हौदा असलेले पिकअप असते, आणि शेतातला माल वाहण्यापासून बोटीचा ट्रेलर ओढण्यापर्यंतची सगळी कामे त्याच्याकडून करून घेतली जातात. १९७७ पासून तेथील सर्वाधिक खपाचा ट्रक ठरत आलेल्या फोर्डच्या एफ-मालिकेतील एफ-१५० या गाडीत आठ सिलिंडरांचे, पाच लिटर क्षमतेचे आणि ‘कायोटी’ या टोपणनावाने ओळखले जाणारे पेट्रोल इंजिन मिळते, ज्याची शक्ती २०२१ च्या मॉडेलपासून ४०० अश्वशक्ती अशी जाहीर केलेली आहे. याच इंजिनावर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनाच्याच जोरावर फिरून सिलिंडरांत जादा हवा कोंबणारा पंप, बसवून ती शक्ती ७०० अश्वशक्तीच्या आसपास नेणारे तयार संच तेथे विकले जातात. गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर बसवायच्या अशा सुट्या भागांचा अमेरिकेत एक स्वतंत्र आणि मोठा बाजार आहे. संच बसवून झाला, इंजिनाच्या संगणकात नवी आज्ञावली भरली गेली, की मालकाला साहजिकच एक प्रश्न पडतो: जाहिरातीतली शक्ती खरोखर मिळाली का? त्याचे उत्तर शोधण्यासाठी ट्रक डायनोवर, म्हणजे शक्तिमापक यंत्राच्या रोलरांवर चढवला जातो. यंत्र एक आकडा देतेच, परंतु तो आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे समजून घेतल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

इंजिनाच्या बाबतीत दोन राशी वेगळ्या ओळखाव्या लागतात. टॉर्क म्हणजे क्रँकशाफ्टला पिळून फिरवणारा जोर, तर शक्ती म्हणजे तो जोर दर मिनिटाला किती काम उरकतो याचे माप. जेम्स वॉटने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या वाफेच्या इंजिनाची तुलना घोड्याच्या कामाशी करताना मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम म्हणजे एक अश्वशक्ती असे ठरवले, आणि अमेरिकेत आजही तेच एकक चालते. वॅटमध्ये ते सुमारे ७४६ भरते. या व्याख्येतून एक साधे समीकरण निघते: पौंड-फुटांतील टॉर्कला मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी, म्हणजे आरपीएमने गुणून ५,२५२ ने भागले की अश्वशक्ती मिळते. त्यामुळे अमेरिकन डायनोच्या आलेखात टॉर्क आणि अश्वशक्ती या दोन्ही रेषा एकाच मोजपट्टीवर काढल्या असतील, तर त्या बरोबर ५,२५२ आरपीएमला एकमेकींना छेदतात. तशा त्या छेदत नसतील तर आलेखातली एकके वेगळी आहेत किंवा आलेखच विश्वासार्ह नाही, एवढे तंत्रज्ञ नसलेल्या माणसालाही ओळखता येते.

शक्ती मोजायची कल्पना मोटारीपेक्षा बरीच जुनी आहे. गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने १८२१ मध्ये फिरत्या दांड्याभोवती लाकडी ठोकळे आवळून आणि त्यांना जोडलेल्या लांब दांडीच्या टोकाशी वजन लावून यंत्राचा टॉर्क मोजण्याची रीत घालून दिली. घर्षणाने ठोकळे जळून जाण्याची तिच्यातली अडचण विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७७ मध्ये जहाजांच्या इंजिनांसाठी पाण्याच्या प्रतिरोधावर चालणारे मापक बनवून दूर केली. आजही इंजिन बनवणारे कारखाने इंजिन गाडीबाहेर, एका चौकटीवर बसवून त्याचा दांडा थेट अशाच ब्रेकला जोडतात आणि जाहिरातीत येणारा आकडा तेथून येतो. गॅरेजमधली चाचणी मात्र संपूर्ण गाडीवर केली जाते. तिच्यात गाडीची चालक चाके जमिनीत बसवलेल्या मोठ्या रोलरांवर ठेवून रस्त्याऐवजी ते रोलर फिरवले जातात, आणि म्हणून तिच्यात दिसते ती इंजिनाची नव्हे, तर गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, मागचा डिफरन्शियल आणि टायर यांचा खर्च वजा होऊन चाकांपर्यंत पोहोचलेली शक्ती.

या रोलरांचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि ट्रकच्या दृष्टीने त्यांच्यातला फरक महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रकारात, ज्यासाठी डायनोजेट हे नाव सर्वांत परिचित आहे, रोलर म्हणजे ज्ञात वजनाचे एक जड पिंप असते; ते किती वेळात किती वेगाने फिरू लागले यावरून संगणक शक्ती काढतो, म्हणजे येथे ब्रेक नसून निव्वळ जडत्वाचे गणित आहे. दुसऱ्या प्रकारात रोलरला विद्युतचुंबकीय ब्रेक जोडलेला असतो, ज्याच्या साहाय्याने चालकाला हवा तेवढा भार हवा तितका वेळ लावून ठेवता येतो, आणि गाडीने ३,००० आरपीएमवर पाच मिनिटे चढ चढावा तसा प्रसंग जागच्या जागी उभा करता येतो. ओहायो राज्यातील मस्टँग डायनॅमोमीटर कंपनीची यंत्रे या वर्गातली असून त्यांच्यावर येणारा आकडा जडत्वाच्या पिंपापेक्षा सहसा कमी येतो, त्यामुळे अमेरिकन गॅरेजांत त्यांना थट्टेने ‘हृदयभंग करणारे’ यंत्र म्हटले जाते. यांतील एक यंत्र खरे आणि दुसरे खोटे असा याचा अर्थ नव्हे. दोन दुकानांतल्या दोन काट्यांवर एकाच पोत्याचे वजन थोडे वेगळे भरावे तसा हा प्रकार असून, एका काट्यावर रिकामे पोते आणि दुसऱ्यावर भरलेले पोते तोलून धान्याचे वजन सांगणारा व्यापारी जितका विश्वासू, तितकाच दोन वेगळ्या डायनोंवरच्या आकड्यांची वजाबाकी करणारा विक्रेता.

सुपरचार्जर नेमके काय करतो हे पाहिल्याशिवाय चाचणीत काय तपासायचे ते कळत नाही. इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल या गावी फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या बंधूंनी १८६० मध्ये दोन पाळ्यांच्या फिरत्या पंखांचा जो हवा फेकणारा पंप पेटंट केला तो ओतकामाच्या भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवण्यासाठी वापरला जात होता; पुढे मोटारींचे युग आल्यावर त्याच तत्त्वाचा पंप इंजिनावर चढला आणि १९२१ मध्ये मर्सिडीजने बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जर असलेल्या गाड्या मांडल्या. आज ट्रकसाठी मिळणाऱ्या संचांत रूट्सची सुधारित आवृत्ती, आल्फ लिशोल्म या स्वीडिश अभियंत्याच्या कल्पनेतून आलेला जुळ्या स्क्रूंचा पंप, आणि केंद्रोत्सारी प्रकारचा, म्हणजे जोराने फिरणाऱ्या पात्यांच्या चकतीने हवा बाहेर भिरकावून दाबणारा पंप, असे तीन प्रकार आढळतात. या तिन्हींना क्रँकशाफ्टवरून पट्टा आणि कप्पी यांच्यामार्फत गती मिळते. साहजिकच पंप फिरवण्यासाठी इंजिनालाच शक्ती खर्चावी लागते, आणि डॉजच्या ७०७ अश्वशक्तीच्या ‘हेलकॅट’ इंजिनात हा खर्च पूर्ण वेगाला ८० अश्वशक्ती इतका सांगितला जातो. टर्बोचार्जर ज्या धुराच्या फुकट जाणाऱ्या जोरावर चालतो तशी सोय येथे नाही. बदल्यात अ‍ॅक्सिलरेटर दाबताक्षणी दाब हजर असतो.

हवा दाबली की ती तापते, आणि सुपरचार्जर लावलेल्या इंजिनाची जवळजवळ सगळी दुखणी या एका वस्तुस्थितीतून निघतात. वातावरणाचा दाब दर चौरस इंचाला १४.७ पौंड असतो. त्यावर आणखी ९ पौंडांचा दाब, ज्याला बूस्ट म्हणतात, चढवला म्हणजे हवा साधारण १.६ पट दाबली गेली. पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर २५ अंश सेल्सिअसची हवा या दाबाने सुमारे ८५ अंशांपर्यंत तापते, आणि तापलेली हवा विरळ होत असल्यामुळे सिलिंडरात प्रत्यक्ष जाणारी हवा १.६ पट न राहता केवळ १.३ पटीच्या आसपास उरते. हीच हवा पाण्याने थंड केलेल्या जाळीतून, म्हणजे इंटरकूलरमधून नेऊन ४५ अंशांवर आणता आली तर तो गुणाकार पुन्हा दीडपर्यंत जातो. म्हणजेच दाबाचा काटा तोच राहूनही केवळ तापमानामुळे शक्तीत मोठा फरक पडतो, आणि म्हणून डायनोवर दाबापेक्षाही आत जाणाऱ्या हवेच्या तापमानावर अनुभवी माणसाची नजर अधिक असते.

तापलेल्या हवेचा दुसरा आणि अधिक गंभीर परिणाम म्हणजे नॉकिंग. स्पार्क प्लगच्या ठिणगीने सुरू झालेली ज्योत सिलिंडरभर पसरण्याआधीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटले तर पिस्टनवर हातोडीसारखे घाव बसतात, टकटक असा आवाज येतो, आणि हे असेच चालू राहिले तर पिस्टनची कड किंवा त्याच्या रिंगांमधला भाग तुटतो. कायोटी इंजिनाचे संपीडन गुणोत्तर २०१८ पासून १२ ला १ आहे, म्हणजे सुपरचार्जर नसतानाही ते मिश्रण आपल्या मूळ आकारमानाच्या बाराव्या हिश्शापर्यंत दाबते. त्यावर आणखी बूस्ट चढवला की इंधनाच्या ऑक्टेनला, म्हणजे आपोआप न पेटण्याच्या गुणाला, निर्णायक महत्त्व येते. येथे भारतीय वाचकाची एक गफलत होऊ शकते: अमेरिकन पंपावर लिहिलेला ऑक्टेन हा दोन पद्धतींच्या मापांची सरासरी असतो, तर भारतात केवळ संशोधन पद्धतीचा, नेहमी मोठा दिसणारा आकडा लिहितात, त्यामुळे तेथील ९३ हे भारतातील ९८ च्या जवळपास जाते. ९३ ऑक्टेनसाठी लिहिलेल्या आज्ञावलीवर ८७ ऑक्टेनचे पेट्रोल भरणाऱ्या मालकाला डायनोवरच्या कोणत्याही कागदाचा आधार राहत नाही.

चाचणीची खरी सुरुवात सुपरचार्जर बसवण्याच्या आधी होते, किंवा व्हायला हवी. मूळ अवस्थेतला ट्रक त्याच यंत्रावर, त्याच टायरांवर, त्याच हवेच्या दाबावर आणि त्याच इंधनावर तीन वेळा चालवून जो आलेख मिळतो त्याला आधाररेषा म्हणतात, आणि नंतरच्या प्रत्येक आकड्याचा अर्थ तिच्या संदर्भातच लागतो. व्यवहारात ही पायरी सर्वाधिक वेळा वगळली जाते, कारण मालकाला घाई असते आणि गॅरेजला जास्तीच्या तासांचे पैसे मागणे अवघड वाटते. ही काटकसर महागात पडते. आधाररेषा नसेल तर वाढ किती झाली हे सांगण्यासाठी कंपनीच्या जाहीर आकड्याचाच आधार घ्यावा लागतो, आणि तो आकडा तर वेगळ्या जागी, वेगळ्या पद्धतीने, चाकांवर नव्हे तर इंजिनाच्या दांड्यावर मोजलेला असतो.

रोलरांवर ट्रक बांधण्याचे कामही दिसते तितके सोपे नसते. मागच्या अ‍ॅक्सलला दोन्ही बाजूंनी पट्टे आवळून तो सरकणार नाही अशी व्यवस्था करावी लागते, परंतु पट्टे जास्त आवळले तर टायर रोलरवर दाबला जाऊन त्याच्या चिरडण्यातच शक्ती वाया जाते आणि आकडा खोटाच खाली येतो. समोर मोठा पंखा, धूर बाहेर नेणारी नळी, गाडीच्या निदान-सॉकेटला जोडलेला संगणक आणि धुराच्या नळीत बसवलेला ऑक्सिजन मापक अशी मांडणी झाल्यावर गाडीची चाक-घसरण रोखणारी यंत्रणा बंद केली जाते, कारण मागची चाके फिरताहेत आणि पुढची थांबलेली आहेत हे पाहून गाडीचा संगणक एरवी इंजिनाचा श्वासच कोंडतो. चारही चाकांना शक्ती देऊ शकणारे पिकअप दोन रोलरांच्या यंत्रावर तपासायचे असेल तर ते केवळ मागच्या चाकांवर चालवावे लागते. चाचणीच्या वेळी गाडीच्या मागे किंवा बाजूला कोणी उभे राहू नये हा नियम सर्व चांगल्या गॅरेजांत पाळला जातो, कारण तुटलेला पट्टा किंवा फुटलेला टायर कोणत्या दिशेने येईल हे सांगता येत नाही.

गिअर कोणता निवडावा हा प्रश्न तर पाठ्यपुस्तकातले उत्तर आणि गॅरेजातले वास्तव यांच्यातला फरक चांगला दाखवतो. पाठ्यपुस्तक सांगते की ज्या गिअरमध्ये गिअरबॉक्सचा येणारा आणि जाणारा दांडा एकाच वेगाने फिरतो, त्या थेट गिअरमध्ये चाचणी घ्यावी, कारण तेथे दात्यांतले घर्षण सर्वांत कमी असते. एफ-१५० च्या दहा गतींच्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये हा मान सातव्या गिअरचा आहे. परंतु मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर ३.५५ आणि टायरचा व्यास ३२ इंच धरला, तर सातव्या गिअरमध्ये ६,५०० आरपीएमला टायर ताशी सुमारे २८० किलोमीटर वेगाने फिरतील, आणि पिकअपचे टायर अशा वेगासाठी बनलेलेच नसतात. पाचव्या गिअरमध्ये, जिथे गुणोत्तर १.५२ आहे, हाच वेग १८५ च्या आसपास येतो, म्हणून थोडे घर्षण पत्करून चाचणी घेणारा खालच्या गिअरकडे वळतो. त्याबरोबर टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाच्या माध्यमातून जोडणारा भाग, कुलूपबंद ठेवावा लागतो, अन्यथा त्याच्यातली घसरण आलेखात खोटा फुगवटा निर्माण करते. इंजिनाचे आरपीएम यंत्राला नीट कळले नाहीत तर चाकांवरची शक्ती बरोबर येऊनही टॉर्कचा आकडा निरर्थक ठरतो.

प्रत्यक्ष धाव, जिला इंग्रजीतूनच आलेल्या शब्दाने ‘पुल’ म्हणतात, जेमतेम दहा-बारा सेकंदांची असते. साधारण २,५०० आरपीएमवर स्थिर झाल्यावर अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला जातो आणि इंजिन वरच्या मर्यादेपर्यंत जाऊ दिले जाते. जाणकार तंत्रज्ञ या वेळी मोठ्या पडद्यावरच्या चढत्या रेषेकडे फारसा पाहतच नाही. त्याचे लक्ष त्याच क्षणी नोंदल्या जाणाऱ्या इतर आकड्यांकडे असते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी एक भाग इंधनाला १४.७ भाग हवा लागते, परंतु बूस्टखाली मिश्रण मुद्दाम इंधनाने समृद्ध ठेवून हे प्रमाण साडेअकरा ते बाराच्या दरम्यान आणले जाते, कारण जास्तीचे इंधन बाष्प होताना सिलिंडर थंड ठेवते. हा आकडा वरच्या आरपीएमला तेराकडे सरकू लागला तर इंधनाचा पंप किंवा इंजेक्टर कमी पडत आहेत असे समजून धाव तत्काळ सोडली जाते. इंजेक्टर एकूण वेळेच्या किती टक्के उघडे राहतात याची नोंद ८५ च्या वर गेली की पुढे वाव उरलेला नाही. वरच्या टप्प्यात बूस्ट वाढण्याऐवजी खचू लागला तर पट्टा कप्पीवर घसरतो आहे, आणि आलेखाची रेषा करवतीच्या दात्यांसारखी झाली तर रोलरवर टायर घसरतो आहे. नॉकिंगचा कंप ऐकणाऱ्या संवेदकाच्या सांगण्यावरून संगणकाने ठिणगीची वेळ किती अंश मागे ओढली ही नोंद मात्र इतर सर्वांपेक्षा महत्त्वाची आहे.

आज्ञावली जुळवणारा तंत्रज्ञ त्यामुळेच पहिल्या धावेला ठिणगी मुद्दाम उशिरा आणि मिश्रण मुद्दाम समृद्ध ठेवतो, मग प्रत्येक धावेगणिक ठिणगी एखाद्या अंशाने पुढे घेत जातो, आणि ज्या अंशानंतर शक्ती वाढेनाशी होते किंवा नॉकिंगची पहिली चाहूल लागते तेथून थोडा मागे येऊन थांबतो. ही मागे येण्याची पायरी शेवटच्या छापील कागदावर कोठेच दिसत नाही, आणि दिसली तरी ती काही अश्वशक्ती कमी झाल्यासारखीच दिसते. तरीही थंड सकाळी गॅरेजात शांतपणे चाललेले इंजिन ऑगस्टच्या दुपारी अ‍ॅरिझोनाच्या महामार्गावर टिकेल की नाही हे याच काही अंशांवर ठरते.

छापील कागदावरचा आकडा बहुधा जसाच्या तसा मोजलेला नसतोच. हवेचा दाब, तापमान आणि आर्द्रता रोज बदलत असल्यामुळे मोजलेल्या शक्तीला एका गुणकाने गुणून ती प्रमाण हवेत किती भरली असती हे सांगण्याची रीत आहे. अमेरिकेतील अभियंत्यांच्या एसएई या संस्थेचे जे१३४९ हे मानक २५ अंश तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरडा दाब गृहीत धरते, तर त्याच संस्थेचे जुने मानक, जे यंत्राच्या यादीत ‘एसटीडी’ या अक्षरांनी दिसते, साडेपंधरा अंशांची अधिक थंड आणि दाट हवा धरते, त्यामुळे त्याचा आकडा सुमारे चार टक्क्यांनी फुगतो. चाकांवर ५५० अश्वशक्ती असलेल्या ट्रकच्या बाबतीत केवळ एक पर्याय निवडून वीस-बावीस अश्वशक्ती कागदावर मिळवता येतात, आणि त्यासाठी गाडीला हातही लावावा लागत नाही.

समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर असलेल्या डेन्व्हरसारख्या शहरात हा गुणक १.२ च्याही पुढे जातो, वास्तविक सात टक्क्यांहून मोठी दुरुस्ती विश्वासार्ह मानू नये असे मानकच सांगते. शिवाय तो नैसर्गिकरीत्या हवा घेणाऱ्या इंजिनांसाठी बेतलेला आहे. टर्बोचार्जर उंचीवर अधिक वेगाने फिरून तूट बऱ्याच अंशी भरून काढतो, त्यामुळे त्याला तोच गुणक लावणे म्हणजे न झालेल्या तोट्याची भरपाई मागणे होय. कप्पीने बांधलेला सुपरचार्जर मात्र विरळ हवेला ठरावीक पटीनेच दाबतो आणि वातावरणाबरोबर खाली येतो, म्हणून त्याच्या बाबतीत ही दुरुस्ती तुलनेने कमी फसवी ठरते.

चाकांवरच्या शक्तीवरून इंजिनाची शक्ती काढण्याचा उद्योग तर बहुतेक वेळा टाळलेलाच बरा. समजा, मूळ अवस्थेत ४०० अश्वशक्तीच्या इंजिनाने चाकांवर ३३५ दिल्या. म्हणजे वाटेत ६५, सुमारे १६ टक्के, खर्च झाल्या. सुपरचार्जरनंतर चाकांवर ५६० मिळाल्या तर त्याच टक्केवारीने भागून इंजिन ६६७ अश्वशक्तीचे झाले असे सांगितले जाते. परंतु तेल घुसळण्याचा आणि टायर फिरवण्याचा खर्च मुख्यतः वेगावर अवलंबून असतो, शक्तीवर नव्हे; तो खर्च जसाच्या तसा ६५ धरला तर उत्तर ६२५ येते. खरे मूल्य या दोहोंच्या दरम्यान कोठेतरी असते आणि ते रोलरवरून कळत नाही. चाकांवर २२५ अश्वशक्ती वाढल्या एवढे विधान मात्र पूर्णपणे प्रामाणिक आहे.

आलेखाचा आकार त्याच्या शिखरापेक्षा अधिक बोलका असतो. रूट्स आणि जुळ्या स्क्रूंचे पंप प्रत्येक फेऱ्याला ठरावीक आकारमानाची हवा ढकलत असल्यामुळे कमी आरपीएमलाच जवळजवळ पूर्ण बूस्ट देतात आणि त्यांची टॉर्करेषा पठारासारखी सपाट येते. केंद्रोत्सारी पंपाचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे त्याची रेषा शेवटपर्यंत चढत राहते आणि खालच्या टप्प्यात मूळ इंजिनापेक्षा फारशी वेगळी नसते. दोन्ही ट्रकांचा सर्वोच्च आकडा ६०० असू शकतो. पण २,५०० आरपीएमवर ट्रेलर घेऊन चढ चढताना पहिला ट्रक ज्या सहजतेने जाईल ती दुसऱ्याला लाभणार नाही. कारखान्यातूनच सुपरचार्जर घेऊन आलेली पिकअपे, उदाहरणार्थ १९९९ ची फोर्ड लाइटनिंग किंवा २०२१ ची ७०२ अश्वशक्तीची राम टीआरएक्स, यांनी केंद्रोत्सारी नव्हे तर ठरावीक आकारमानाचेच पंप निवडले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

ट्रकची ओढण्याची क्षमता ठरवण्यासाठी एसएईचे जे२८०७ हे वेगळे मानक आहे, आणि त्यातली सर्वांत कठीण परीक्षा अ‍ॅरिझोनातील डेव्हिस डॅमच्या चढावर बेतलेली आहे. कमाल ट्रेलर जोडून, १०० अंश फॅरनहाइट म्हणजे जवळजवळ ३८ अंश सेल्सिअस उन्हात, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, सुमारे १८ किलोमीटरमध्ये ९०० मीटर उंची चढायची आणि साध्या पिकअपने वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जाऊ द्यायचा नाही, असे तिचे स्वरूप आहे. या वेगाने तो चढ संपायला पाव तासाहून अधिक वेळ लागतो. दहा-बारा सेकंदांच्या धावेत इंटरकूलरचे पाणी नुकते कोठे कोमट झालेले असते, तर येथे ते तापून सुपरचार्जरच्या धातूसह सगळी यंत्रणा उष्णतेने भरून जाते, आत जाणारी हवा तापते, संगणक ठिणगी मागे ओढतो आणि कागदावरच्या शक्तीचा बराच भाग नाहीसा होतो. म्हणून ट्रकसाठी, निदान जो ट्रक ट्रकचे काम करणार आहे त्याच्यासाठी, ब्रेक असलेल्या रोलरवर काही मिनिटे स्थिर भार लावून घेतलेली चाचणी ही एका शिखराच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोलाची आहे. ती फार थोडे मालक मागतात, कारण तिच्यात मित्रांना दाखवण्यासारखे काही नसते.

दाखवण्यासाठीचा आकडा वाढवण्याचे मार्गही याच विवेचनातून समजतात. इंटरकूलरच्या टाकीत बर्फ टाकणे, टायरांत हवा जास्त भरणे, दोन धावांमध्ये अर्धा तास पंखे लावून इंजिन निववणे, जुने मानक निवडणे, असे अनेक उपाय त्या क्षेत्रात सर्वश्रुत आहेत. आलेखाची रेषा गुळगुळीत करण्याची एक मात्राही यंत्रात असते, डायनोजेटच्या प्रणालीत ती शून्य ते पाच असते, आणि पाचवर ठेवलेल्या आलेखात टायरची घसरण किंवा ठिणगीचा चुकलेला ठोका दिसेनासा होतो.

हा सगळा उद्योग कायद्याच्या चौकटीबाहेरचा नाही. अमेरिकेच्या केंद्रीय स्वच्छ हवा कायद्यानुसार गाडीच्या प्रदूषण-नियंत्रण यंत्रणेत ढवळाढवळ करणे बेकायदा आहे, आणि कॅलिफोर्नियात सुपरचार्जर रस्त्यावर वापरण्यासाठी तेथील हवा मंडळाने त्या संचाची तपासणी करून दिलेला आदेश-क्रमांक लागतो, ज्याची चिठ्ठी बॉनेटखाली चिकटवलेली असते. तपासणीत मान्य झालेली आज्ञावली बदलून अधिक शक्ती काढली की ती मान्यता त्या गाडीपुरती निरर्थक ठरते. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम याहून कडक असून, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. पुण्यातील एआरएआय या संस्थेत गाडीच्या रोलरांवरच्या चाचण्या वर्षानुवर्षे होत आल्या आहेत, पण तेथे मोजले जाते ते धुरातील प्रदूषण आणि इंधनाचा खर्च, ठरवून दिलेल्या वेगाच्या वेळापत्रकानुसार गाडी चालवून. यंत्र तेच असले तरी त्याला विचारलेला प्रश्न अगदी निराळा आहे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्या मराठी कुटुंबांना असा वाढीव शक्तीचा वापरलेला पिकअप घेण्याचा मोह होईल, त्यांनी विक्रेत्याकडे चौकटीत लावलेला आलेख न मागता आधाररेषेची मूळ फाइल, दोन्ही चाचण्यांचे यंत्र आणि दुरुस्तीचे मानक, हवेच्या तापमानाची व नॉकिंगची नोंद, आणि बॉनेटखालचा आदेश-क्रमांक मागावा. यांतले काहीच मिळत नसेल तर छापील अश्वशक्तीसाठी एक डॉलरही जास्त देऊ नये.